केलशॉलच्या शेतात वेळीच थांबलात, त्याबद्दल

महोदय,

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर परगण्यातल्या केलशॉल गावाजवळ, २०१४ साली एका शेतात तुमचा मेटल डिटेक्टर वाजला आणि कांस्याची रोमन भांडी वर आली. ही खबर तुम्ही पुरातत्त्वाच्या लोकांना दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

कायद्याचा धाक तर नव्हताच. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट, म्हणजे तिथला गुप्तधनाचा कायदा, रोमन काळापुरता मुख्यतः सोन्याचांदीला आणि नाण्यांच्या साठ्यांना लागू होता. कांस्य, काच, सुटं नाणं त्यात बसत नव्हतं. शेतमालकाच्या संमतीने नग विकून मोकळं होता आलं असतं.

डिटेक्टरला धातू कळतो, काच कळत नाही. खोदत राहिला असतात तर फावड्याचा पुढचा घाव काचेवरच बसला असता. तो खड्डा म्हणजे रोमन काळातलं दफन: त्यात दहनानंतरची हाडं भरलेली काचेची षटकोनी बाटली होती, शिवाय मोझेक काचेच्या दोन नाजूक ताटल्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात घडवल्या असाव्यात अशा. जमिनीत मुरलेल्या काचेतला क्षार झिरपून जातो आणि पापुद्रे उरतात. काढल्यावर ती उन्हात वाळली की पापुद्रे सुटतात, चकाकी मातीसकट गळून पडते. म्हणून तिला ओलसर, थंड आणि अंधारात ठेवायचं. कांस्याचं नेमकं उलट, त्याला कोरडं ठेवायचं. दमट हवेत क्लोराइडमुळे हिरवी भुकटी धरते. दोन्ही एका पिशवीत घातली की एकाचं तरी वाटोळं ठरलेलं.

त्याच दफनातले बूट कुजून तळव्याचे लोखंडी खिळे तेवढे राहिले होते. हौशी लोक बहुधा डिटेक्टरवर लोखंडाचा आवाज बंदच करून ठेवतात! खिळ्यांची मांडणी जागेवर टिपली, तरच तो जोडा. वेचून घेतले तर नुसता गंज.

हाडांचं भांडं शेतात रिकामं करायचं नसतं. मातीसकट उचलून प्रयोगशाळेत दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी उकरतात, मग १०, ५ आणि २ मिलिमीटरच्या चाळण्यांतून काढतात. पूर्ण जळलेलं हाड पांढरं पडतं, अर्धवट जळलेलं निळसर-करडं राहतं. चिता कुठे कमी तापली ते यावरून समजतं. या बाटलीत इ.स. १७४ च्या सुमाराचं झिजलेलं नाणंही होतं. दफन त्याआधीचं असूच शकत नाही, आणि नाणं झिजेपर्यंत हातोहात फिरलं, म्हणून ते इ.स. २०० च्या आसपासचं धरतात. तेच नाणं मोकळ्या ढेकळांत मिळतं, तर या हिशेबात त्याची किंमत शून्य.

पुन्हा कुठे यंत्र वाजलं, तर कृपया असंच करा.

आपले,
उत्खननातली काच आणि हाडं हाताळणारे काही जण