समुद्राच्या भरतीच्या वेळी घोड्यांना धनुर्वाताची लस टोचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अलिबागचा घोडागाडीवाला. ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे आमच्या फेऱ्या सुरू होतात. वाटेत पुळणीत आणि खडकांत बाटल्यांच्या काचा, खिळे, गंजलेल्या तारा असतात. खुराला नाल ठोकलेली असली तरी तळवा उघडाच राहतो.

आमच्या अड्ड्यावरच्या एका घोडीच्या तळव्यात असाच खिळा गेला. रक्त फारसं आलं नाही, भोक बुजलं, घोडी गाडीला जुंपली गेली. काही दिवसांनी तिचे पाय ताठले, शेपूट उचललेलंच राहिलं, डोळ्यांवर आतली पापणी सरकली. जबडा असा आवळला की पाणीही पिता येईना. धनुर्वात झाला होता. फार हाल होऊन गेली बिचारी.

हे जंतू मातीत असतात, घोड्याच्या लिदीतही असतात. हवा न लागणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ते वाढतात, म्हणून मला वाहत्या जखमेपेक्षा अशा बारीक भोकाची धास्ती जास्त. पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वात कुणालाच बाधत नाही. लस मात्र साधी आहे: सुरुवातीला 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या, मग वर्षाला एक.

गुडघ्याखालच्या जखमाही चिघळतात. तिथे हाडावर नुसती कातडी, त्यामुळे भरायला वेळ लागतो. त्यावर जळकं ऑइल, चुना थापणं आता तरी बंद व्हावं. घाण आतच कोंडते. लिटरभर पाणी उकळून, 9 ग्रॅम मीठ घालून, गार करून त्याने जखम धुवावी. समुद्राचं पाणी नको. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी झिरपलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सांध्यात जंतू शिरले तर घोडा जन्माचा लंगडा होऊ शकतो. दुकानातून आणलेल्या चार गोळ्यांनी ते निभत नाही.

पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की पावसाळा सरताना अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यांवर येऊनच लस टोचावी. दवाखान्यात घोडा न्यायचा तर दिवसाची कमाई जाते, म्हणून लोक टाळतात. भरती असताना किल्ल्याच्या फेऱ्या बंदच असतात. अलिबागला ती वेळ धरली तर कुणाचं नुकसान नाही. दुसऱ्या टोचणीची तारीख तेव्हाच गाडीवाल्याला कागदावर लिहून द्यावी, नाहीतर ती हमखास राहून जाते.

आपला,
एक घोडागाडीवाला, अलिबाग