मेसियां यांचे पक्षी आणि देवगिरीचे ताल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाश्चात्त्य वाद्यसंगीतातील पक्ष्यांबद्दल मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात बहुधा हुबेहूब नकलेचे कौतुक असते. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) यांच्या बाबतीत एवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे. पॅरिसच्या ट्रिनिटी चर्चमध्ये १९३१ पासून त्यांनी आयुष्यभर ऑर्गनवादकाची सेवा केली आणि त्यांच्या रचनांतील पक्षी त्या उपासनेतच सहभागी आहेत.

ख्रिस्ती परंपरेत पक्ष्याचे प्रतीक जुनेच आहे. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरल्याचे शुभवर्तमानात सांगितले आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने पाखरांना उपदेश केल्याच्या कथेवर फ्रान्झ लिस्ट यांनी १८६३ च्या सुमारास पियानोसाठी सुंदर रचना केली. तिच्यात वरच्या सप्तकातील किलबिल पाखरांची आहे आणि मधूनच येणारे संथ, बोलल्यासारखे स्वर संताचे आहेत. मात्र लिस्ट यांची पाखरे कथेतली आहेत. मेसियां पहाटे वही घेऊन रानात बसत आणि एकेका जातीचे गाणे टिपून घेत. ते गाणे वाद्याला पेलणार नाही इतके जलद, उंच आणि सूक्ष्म असते. म्हणून ते लय कमी करीत, स्वर खाली आणीत आणि स्वरांमधली सूक्ष्म अंतरे त्याच प्रमाणात वाढवीत. एवढा काटेकोरपणा कशासाठी? पाखराचे गाणे हीच त्यांच्या लेखी ईश्वराची स्तुती होती आणि दुसऱ्याने केलेल्या स्तुतीत मनाची भर घालायची नसते, असे मला वाटते. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणासाठी त्यांनी १९५० च्या सुमारास लिहिलेल्या ऑर्गन-मिस्सामध्ये (चर्चमधील मुख्य उपासनाविधीसाठीच्या ऑर्गन-रचनेत) कम्युनियनचा, म्हणजे प्रसादरूपी भाकर घेण्याच्या वेळचा भाग पक्षी आणि झरे यांनाच दिलेला आहे, आणि आत्म्याच्या वाऱ्यावरील अखेरच्या भागात चंडोलांचा मेळा गातो.

याची सर्वांत हृद्य साक्ष म्हणजे काळाच्या अंतावरील त्यांची चार वाद्यांची रचना. दुसऱ्या महायुद्धात गॉर्लिट्झच्या जर्मन युद्धकैदी छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी ती प्रथम वाजवली गेली. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो सहकैद्यांच्या हाती होते. पियानोवर स्वतः मेसियां होते. मूळ प्रेरणा बायबलमधील 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातील, काळ संपल्याची घोषणा करणाऱ्या देवदूताची. तिसऱ्या भागात क्लॅरिनेट एकटेच वाजते: आधी काळाची खोल, दमलेली दरी, आणि मग तिच्यावर उसळून येणारे पक्ष्यांचे मुक्त गान.

पहिल्याच भागात मात्र आपण मराठी माणसांनी कान द्यावा असे काही आहे. क्लॅरिनेट ब्लॅकबर्डचे आणि व्हायोलिन नाइटिंगेलचे गाणे गात असताना खाली पियानोवर रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून केलेली १७ मात्रामूल्यांची साखळी फिरत राहते. तिच्याबरोबर २९ स्वरसमूहांची दुसरी साखळी चालते. दोन्ही पुन्हा एकत्र जुळायला ४९३ पावले लागतील आणि त्याआधीच तो भाग संपतो. हे ताल ज्या 'संगीत रत्नाकरा'तून आले, तो ग्रंथ शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला. त्याच ग्रंथात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, मध्यम क्रौंचाचा आणि पंचम कोकिळेचा असे नाते सांगितलेले आहे.

यावरून 'आपल्या संगीताने पॅरिस जिंकले' अशी टिमकी वाजवू नये. मेसियां यांना हे ताल एका फ्रेंच संगीतकोशातील तक्त्यात भेटले. त्यांनी मात्रांची मांडणी घेतली, आवर्तन आणि सम घेतली नाही. पक्षीसुद्धा दोघांचे वेगळे आहेत: शार्ङ्गदेवाच्या यादीत ते परंपरेने ठरलेल्या स्वरांचे धनी आहेत, मेसियां यांच्या वहीत ते ऐकून उतरवलेले गायक आहेत. हा फरक नीट उलगडला तरच दोन्हींचे मोठेपण कळेल.

त्यासाठी आपल्या रविवार पुरवणीत 'संगीत रत्नाकरा'चे अभ्यासक आणि पाश्चात्त्य वाद्यसंगीताचे जाणकार यांना या एकाच विषयावर लिहायला सांगावे, आणि आपल्या संगीत महाविद्यालयांनी तालशास्त्राच्या तासाला या रचनेचा पहिला भाग विद्यार्थ्यांना ऐकवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा