तक्रार: व्हेज सांगून आईला हॅमचे क्रोकेट दिल्याबद्दल

प्रति,
मॅनेजमेंट आणि कस्टमर केअर

नमस्कार,

गेल्या महिन्यात 14 तारखेला रात्री आम्ही पाच जण तुमच्या गोव्यातल्या बीचजवळच्या स्पॅनिश टापास रेस्टॉरंटमध्ये जेवायला आलो होतो, बिलाचा फोटो सोबत जोडलाय. आम्ही अमळनेरचे. आईला एकदा समुद्र बघायचा होता म्हणून भुसावळहून मंगला एक्सप्रेस पकडून मडगावला उतरलो. आई 68 वर्षांची, माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ, तिला अंडंसुद्धा चालत नाही. हे मी टेबल बुक करताना फोनवर सांगितलं, बसल्यावर वेटरला सांगितलं, ऑर्डर देताना परत सांगितलं, तिन्ही वेळा उत्तर एकच, नो प्रॉब्लेम मॅडम.

प्लेटा लहान होत्या याची माझी अजिबात तक्रार नाही. टापास म्हणजे थोडं थोडं मागवून सगळ्यांनी वाटून खायचं, हे लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं. आणि जे चांगलं होतं ते चांगलंच म्हणेन. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या, तेलात परतून वरून जाड मीठ, आई म्हणाली ह्या तर आपल्या भरितासोबतच्या तळलेल्या मिरच्याच, फक्त तिखट नाहीत. टोमॅटो चोळलेला पाव तिने दोनदा घेतला. भावाने कोळंबी मागवली होती, लसणाच्या तेलातली, ती त्याने मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, आईजवळ नको म्हणून. आम्ही एवढं सांभाळत होतो.

मग क्रोकेट आले. आम्ही पालक-चीजचे मागवले होते आणि बिलावरही तेच लिहिलंय. वरून काही कळत नाही हो, ब्रेडक्रम्समध्ये घोळून तळलेले, सगळे सारखेच दिसतात. आईने एक अर्धा तोडून तोंडात टाकला, चावता चावता थांबली आणि उरलेला अर्धा माझ्यापुढे धरून विचारलं, "हाई काय शे?" आतल्या घट्ट पांढऱ्या सॉसमध्ये गुलाबी रंगाचे बारीक तुकडे होते, शेंगदाण्याच्या कुटाएवढे, आणि पालकाचं एक पान नाही. वेटरला बोलावलं तर त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हॅम का आ गया, थोडा सा ही है, बाकी निकाल के खा लीजिए." डुकराचं मांस आहे ते! माझ्या आईला सांगतोय काढून खा म्हणून!

आई एक शब्द बोलली नाही. वॉशबेसिनवर जाऊन किती वेळ चुळा भरत होती, मी पाठीवर हात ठेवून उभी होते. रात्री रूमवर तिने माळ काढून रुमालात बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, रूमच्या बाहेरसुद्धा आली नाही. समुद्र बघायला आणली होती तिला. गावी आल्यावर महाराजांच्या हातून माळ परत घातली तेव्हा कुठे ती नीट जेवली.

मॅनेजर आले ते दहा मिनिटांनी, म्हणाले किचनमध्ये प्लेटा बदलल्या गेल्या, सॉरी, डेझर्ट फ्री देतो. आम्हाला डेझर्ट नको होतं. आणि बिल आलं त्यात 540 रुपयांची ती क्रोकेटची प्लेट लावलेलीच. 5,200 च्या खाण्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, 520 रुपये, आणि तो धरून वर जीएसटी. मी काढायला सांगितला तर म्हणाले कंपनी पॉलिसी आहे. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 लाच सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला ते कायम ठेवलंय. त्या रात्री आई बाहेर पायरीवर बसली होती म्हणून पैसे भरून निघालो, वाद घातला नाही.

अजून एक, तुमच्या मेनूत तोर्तिया व्हेजच्या पानावर छापलाय, तो तर अंडं-बटाट्याचा असतो. स्पेनमध्ये व्हेज म्हणत असतील, आपल्याकडे अंड्याला हिरवा ठिपका चालत नाही. ते पान आधी बदला. आणि व्हेज-नॉनव्हेज क्रोकेट एकाच आकाराचे, एकसारख्या प्लेटमध्ये देणार असाल तर चूक उद्या परत होणार, दुसऱ्या कोणाच्या तरी आईसोबत.

मला क्रोकेटचे आणि सर्व्हिस चार्जचे पैसे जीएसटीसकट परत पाहिजेत आणि किचनमध्ये काय बदल केला ते 15 दिवसांत लेखी पाहिजे. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार टाकेन आणि जळगावच्या ग्राहक आयोगात जाईन, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात केस करता येते, गोव्याला खेटे मारायची गरज नाही.

आणि माफी मला नको, आईला फोन करून मागा. मराठी बोलणारा माणूस द्या आणि फोन दुपारी 4 नंतर करा, त्याआधी ती पोथी वाचत असते.

तुमची ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव