भित्तिचित्रांच्या नकाशाविषयी मित्रास पत्र

मुंबई

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

देशभरातील भित्तिचित्रांच्या नकाशासाठी दिल्लीची बाजू सांभाळण्याचे तू मान्य केलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. माझ्या हातून झालेल्या चुका तुझ्याकडून होऊ नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वांद्रे रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले. ते चित्र पूर्ण टिपण्यासाठी मला बरेच मागे, रस्त्याच्या पलीकडे जावे लागले. फोनने नोंदवली ती मी उभा होतो ती जागा, आणि नकाशावरची खूण भलत्याच ठिकाणी पडली. तेव्हापासून मी प्रत्येक खूण इमारतीच्या नेमक्या बाजूवर स्वतः सरकवतो आणि भिंतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे तेही लिहितो.

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, भित्तिचित्र असा नोंदीचा प्रकारच आहे. त्यात कलाकाराचे नाव, साल आणि शेवटच्या पाहणीची तारीख भरता येते. ही शेवटची तारीख कृपा करून कधीही गाळू नकोस. वांद्र्याच्याच चॅपल रोडवर एका पावसाळ्यानंतर गेलो, तर मी नोंदवलेल्या एका मुलीच्या चेहऱ्याचा एक डोळा आणि वेणीचे टोक एवढेच उरले होते. बाकी सगळीकडे गिलाव्याचा ताजा, ओला वास येत होता. ती नोंद मी पुसली नाही, फक्त चित्र गेल्याचा महिना लिहिला. ससून डॉकवर २०१७ च्या कलाउत्सवात कोळ्यांची मोठमोठी छायाचित्रे कागदावर छापून भिंतींना डकवली होती. कागदाचे आयुष्य ते केवढे! अशी चित्रे नकाशावरूनही गेली, तर ती तिथे होती हे सांगणार कोण?

दिल्लीत आयटीओजवळच्या जुन्या पोलीस मुख्यालयावरचे, हेंड्रिक बाइकिर्श आणि अनपू वर्की यांनी २०१४ मध्ये काढलेले गांधीजी तुला सहज सापडतील. खरे काम लोधी कॉलनीत आहे. तिथल्या सरकारी वसाहतीच्या कमानी आणि दोन्ही बाजूंच्या सपाट भिंती एकसारख्या दिसतात, त्यामुळे ब्लॉकचा क्रमांक जागेवरच वहीत लिही. घरी येऊन फोटोवरून ओळखू म्हणशील, तर हमखास गफलत होईल. खन्ना मार्केटच्या बाजूने सुरुवात कर आणि कामाच्या दिवशी दहानंतर जा. तोवर कचेरीला जाणाऱ्यांच्या गाड्या हललेल्या असतात आणि भिंतीचा खालचा भाग मोकळा दिसतो. कलाकाराची सही बहुधा तिथेच असते.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर