केस टाकताना जरा जपून

मंडळी, परत एकदा सांगतेय, आपल्या थेरपिस्टच्या ग्रुपवर पेशंटची केस टाकताना नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नसतं. काल कोणीतरी 'दादरला राहते, शाळेत टीचर, नवरा बँकेत, जुळी मुलं' असं टाकलं, अहो दादर ते केवढं, आपल्यातलेच दोघं-तिघं ओळखतील ना तिला! मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे आणि कलम २५ प्रमाणे तो स्वतःचे रेकॉर्ड मागू शकतो, तेव्हा नोट्स लिहिताना उद्या हे तोच वाचणार असं धरूनच लिहा, 'नाटकी बाई' वगैरे शेरे नकोत. लोकलमध्ये व्हॉइस नोट स्पीकरवर लावू नका, सुपरव्हिजनचा, म्हणजे सीनियरशी केसवर चर्चेचा, कॉल तर गाडीत घेऊच नका प्लीज. केसचे कालचे स्क्रीनशॉट ज्यांनी ग्रुपवर टाकलेत त्यांनी आज रात्रीपर्यंत 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा, आणि ज्यांनी सेव्ह केलेत त्यांनी गॅलरीतूनपण उडवा.