डीएफआयडीत नोकरी? ते खाते तर २०२० मध्येच बंद झाले!

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या शिक्षण पुरवणीतला ‘आंतरराष्ट्रीय विकास’ या विषयातील ऑनर्स पदवीवरचा लेख वाचला. पान देखणे झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याने अर्धे पान खाल्ले, उरलेल्या अर्ध्यात लेख आणि लेखाखाली लेखक महाशयांचा फोन नंबर. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे चष्मा पुसून पाहिले तरी कळले नाही.

‘हमखास नोकऱ्या’ अशी एक चौकट आहे. तीत पहिली दोन नावे डीएफआयडी आणि यूएसएड! डीएफआयडी म्हणजे ब्रिटनचे आंतरराष्ट्रीय विकास खाते. ते २०२० च्या सप्टेंबरात तिथल्या परराष्ट्र खात्यात विलीन झाले. अमेरिकेने यूएसएडचा, म्हणजे आपल्या परदेशी मदत संस्थेचा, गाशा १ जुलै २०२५ रोजी गुंडाळला. चौकट लिहिणाऱ्याने वर्तमानपत्र वाचावे एवढीच विनंती. आपले वाचले तरी चालेल. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आणली, आणि २०२७ पर्यंत ती ०.३ वर नेऊन वाचलेला पैसा संरक्षणाकडे वळवायचे २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. म्हणजे ज्या दुकानात मुलांना पाठवताय तिथे मालच कमी होत चालला आहे.

चौकटीतले तिसरे नाव संयुक्त राष्ट्रांचे. तिथल्या सचिवालयात इंटर्नशिपला दमडी मिळत नाही. न्यूयॉर्कचे किंवा जिनिव्हाचे घरभाडे बापाने भरायचे. ज्या जेपीओ (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) जागांचे लेखात एवढे गोडवे गायले आहेत, त्यांचा पगार देणगीदार देशांची सरकारे देतात आणि बहुतेक जागा त्यांच्याच नागरिकांना मिळतात. आटपाडीच्या पोरीने तिथे कोणाच्या जिवावर अर्ज करायचा?

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी धाकटी मुलगी हीच पदवी घेऊन २०२४ मध्ये इंग्लंडातल्या एका विद्यापीठातून बाहेर पडली. २०२१ च्या लॉकडाउनमध्ये पुण्याच्या एका सल्लागाराने झूमवर आम्हाला हीच यादी दाखवली होती. हीच नावे, हाच क्रम. सल्ला फुकट होता, कारण या मंडळींना प्रवेशामागे विद्यापीठांकडून कमिशन मिळते. आपल्या लेखकांनी याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या घरात. शिवाय राहणे-खाणे, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार आणि व्हिसासाठी खात्यात २८ दिवस हात न लावता ठेवायची रक्कम. सांगलीचा प्लॉट विकला, उरले ते कर्ज. त्याचे हप्ते चालू आहेत. लेखात फीविषयी ‘परवडणारी’ असा एकच शब्द आहे. कोणाला?

‘ऑनर्स म्हणजे हुशार मुलांचे चौथे वर्ष’ असेही लेखकांनी ठोकून दिले आहे. चौथे वर्ष आपल्याकडच्या नव्या धोरणात असते. इंग्लंडात ऑनर्स तीन वर्षांत होते, स्कॉटलंडमध्ये चार लागतात. निकाल टक्क्यांत नसतो, वर्गांत असतो: फर्स्ट, टू-वन, टू-टू, थर्ड. नोकऱ्यांच्या जाहिरातींत निदान टू-वन मागतात. मुलीला तो मिळाला, हे जाता जाता.

अभ्यासक्रमाबद्दल मात्र मी वाकडे बोलणार नाही. माझी तक्रार आहे ती त्याचे दुकान मांडणाऱ्यांबद्दल. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांचे विकासाच्या मदतीवरचे १९४९ चे भाषण, अमर्त्य सेन, १९९० पासूनचा मानव विकास निर्देशांक, सगळे कसून शिकवले. दुसऱ्या वर्षी एकदा रात्री तिचा फोन आला, “बाबा, आज वर्गात रोजगार हमी होती!” वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, मागेल त्याला काम, सगळे फळ्यावर. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि खेड्यातल्या मजुरीला पैसा उभा करायचा, याचे तिथल्या मुलांना फार नवल वाटले म्हणे. संपादक महोदय, आपल्या कचेरीतल्या मंडळींच्या पगारातूनही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच कर. लेखकांना विचारून पाहा, ठाऊक आहे का.

मी लघुसिंचनात शाखा अभियंता होतो. उमेदीची वर्षे हमीच्या कामांवर गेली. त्यामुळे तिने प्रबंधाला हाच विषय घेतला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात ती टेपरेकॉर्डरऐवजी मोबाइल घेऊन माझ्या स्कूटरवर मागे बसली. ज्या पाझर तलावावर मी मोजमाप पुस्तिका लिहिली, त्याच कामावरच्या बायकांना गाठायचे होते. विद्यापीठाचा नियम असा, की मुलाखतीआधी संमतिपत्रावर सही हवी. मराठी मसुदा मीच करून दिला, शाईचे पॅडही माझेच. पहिल्याच आजीने निमूट अंगठा उठवला आणि हात पुढे केला.

“अंगठा दिला. आता पगार कवा?”

त्यांचेही बरोबर. जन्मभर मस्टरवर अंगठा दिला की पैसे मिळायचे, निदान मिळायला हवे होते. संशोधनासाठीही अंगठा लागतो, हे त्यांना पटवायला मुलीला अर्धा तास लागला आणि शेवटी चहा-साखरेचा पुडा द्यावा लागला. तो विद्यापीठाच्या नियमात बसतो का, हे तिने मला विचारू दिले नाही.

दुसरी एक म्हातारी माझ्याकडे बघून तिला म्हणाली, “पोरी, ह्यो तुझा बा टेप लई ताणून धरायचा. दिवसभर खांदायचं अन् माप भरायचं नाही.” बायका खो खो हसल्या. मजुरी मोजमापावर असायची, म्हणून हा राग. आता वर्तमानपत्रात संधी मिळते आहे तर नोंदवून ठेवतो: टेप ताणूनच धरायचा असतो. ढिला धरला की माप जास्त भरते आणि तपासणीत निघालेली वसुली अभियंत्याच्या डोक्यावर बसते. माझा हा खुलासा मुलीने प्रबंधात घेतला नाही. म्हातारीचे वाक्य मात्र जसेच्या तसे घेतले. मार्गदर्शकांनी त्याच्याशेजारी समासात ‘उत्तम’ असा शेरा मारला. माझ्या गोपनीय अहवालात इतका चांगला शेरा कधी आला नाही.

असे काही लेखात असते तर मी पत्र लिहिले नसते. तीन वर्षांत मूल काय वाचते, कोणाशी बोलते, त्याला कोणते प्रश्न पडतात, याची एक ओळ नाही. आहे काय, तर ‘दोन वर्षांचा वर्क व्हिसा’. तेही अर्धवट: १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे. यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलांना दीडच वर्ष धरून चालायला हवे. माझी मुलगी सध्या तिकडे बेघरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. काम तिला आवडते. पण तिचा व्हिसा यंदा संपतो आणि पुढच्या कुशल कामगार व्हिसाला साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, नव्या पदवीधरांची सवलत धरली तरी ३३,४००. बेघरांच्या संस्था एवढा पगार देत नाहीत, हे सांगायला समुपदेशक लागत नाही.

जाता जाता आणखी एक. वर उल्लेख केलेला तलाव गाळाने भरला आहे आणि सांडव्याचे दगड लोकांनी उचलून नेले आहेत. त्याबद्दल मी जूनमध्ये आपल्याला पत्र पाठवले होते, फोटोसकट. ते जागेअभावी राहिले असावे. अर्ध्या पानाच्या झेंड्याला जागा कशी होते, ते कळवल्यास पुढचे पत्र त्या मापाचे लिहीन.

चौकटीतली दुरुस्ती तरी येत्या पुरवणीत छापावी. लेखकांच्या नंबरवर मी फोन केला होता. डीएफआयडीबद्दल बोलायचे आहे म्हटल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, “काका, रविवारी पुण्यात सेमिनार आहे, सर तिथेच सांगतील. पालकांना प्रवेश फ्री आहे.”

कळावे,
आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, आटपाडी (जि. सांगली)