तीन रात्री फोन लागणार नाही

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

शेजारच्या दादाला हे मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना ताण नको. रविवारी फोनवरच सांगणार होते, पण आई, तू गुडघ्याचं सांगत होतीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं व्हॉयाजर्स नॅशनल पार्कला निघतोय. मिनीॲपोलिसहून पाचेक तास उत्तरेला, पार कॅनडाच्या हद्दीवर. तिथल्या कॅबेटोगामा तलावात मोटरबोट घेऊन जायचं आणि तीन रात्री काठावर तंबूत राहायचं. मुक्कामाचा परवाना काढून झालाय, बोटीचे पैसेही भरलेत. विचारायच्या ऐवजी कळवतेय याचं मला फार वाईट वाटतंय. पण तू 'नको' म्हणाली असतीस, तर माझा पाय निघाला नसता.

धोम धरणावरची ती संध्याकाळ मीही विसरलेले नाही, आई. मागच्या वेळी तुझ्या नातवाने विचारलं, पडवीतली सायकल कुणाची? मी नुसतं 'आपली' म्हटलं.

खरं कारण तोच आहे. नऊ वर्षांचा झाला, पण पाणी दिसलं की माझ्या मागे लपतो. ही भीती मीच त्याला लावली. काठाशी गेला की मी त्याचा दंड इतका घट्ट धरते की वळ उठतात. परवा ते वळ बघितले आणि ठरवलं. बाबा, तुम्ही कृष्णेत माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधायचात, आठवतं? दोरी काखेत काचायची, मी रडायचे, आणि तुमचा तळहात पोटाखाली असायचा. तो कधी काढून घेतलात ते मला कळलंच नाही. मी पोहत होते. त्यालाही तसंच कळू नये, एवढंच मला हवंय.

आणि ही रजा वाईला यायला पुरलीच नसती. दिवाळीची तिकिटं काढलेली आहेत, ती रजा वेगळी राखून ठेवलीय. तुमच्या वाटणीचे दिवस मी खर्च करत नाहीये, असं मनात आणू नका.

आता काळजीचं. लाइफ जॅकेट तिघांनाही. दहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या बोटीत ते घालणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे. पाण्याखाली खडक आहेत, पण वाट दाखवायला लाल-हिरव्या बोया तरंगत असतात, नकाशाही घेतलाय. तुमचे जावई दोन उन्हाळे मित्राच्या बोटीवर शिकलेत. मोठं पाणी सकाळीच ओलांडायचं, वारा चढला की काठ सोडायचा नाही, अंधारात बोट हलवायची नाही. हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

तंबूच्या जागेवर जेवायला टेबल आहे, शेकोटीची जागा आहे. संडास आहे, आई, तू आधी तेच विचारशील. साधा खड्ड्याचा, पण आहे. गॅसची शेगडी नेतोय, मऊ भात आणि तुझं मेतकूट. अस्वलं आहेत, ते लपवत नाही. म्हणून प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी असते, तिच्यात वासाचं सगळं ठेवून कडी लावायची, अगदी टूथपेस्टसुद्धा. मेतकुटाचा डबा मी स्वतः आत ठेवीन.

बाबा, तुमच्यासाठी: आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, तुम्हीच फळ्यावर लिहायचात. इथले खडक अडीचशे कोटींहून जुने. एकावर तुमच्या नातवाला बसवून फोटो काढते. रात्री लून नावाचा पक्षी हाक मारतो, ती लांबलचक हाक ऐकून लहानपणी मी तुमच्या दोघांच्या मध्ये येऊन झोपले असते.

तिथे बहुतेक जागी फोनला रेंज नाही. तीन दिवस फोन लागला नाही तर देवासमोर बसून राहू नकोस. आमची जागा आणि परतायची वेळ पुण्याला वन्संना आणि इथे शेजारणीला लिहून दिलीय. वेळेत आलो नाही तर पार्कला कळवायचं काम तिचं.

आणि तुम्ही माळ्यावर चढायचं नाही, बाबा. स्टूल मी दिवाळीत आल्यावर बघेन. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नाही. आई, इन्सुलिन घेऊन पूजेत रमायचं नाही, आधी खायचं. रागावून लिहीत नाहीये गं. तुम्ही नीट असलात तरच मला तिथे झोप लागेल.

रविवारी रात्री नऊपर्यंत आम्ही घरी येऊ, म्हणजे तुमच्याकडे सोमवारी सकाळचे साडेसात. फोन चार्ज करून ओट्यावर ठेव. चहा टाकलास की थांब जरा, मी करते फोन.

तुमची,
छकुली